त्रेचाळीस नंबरचा आवाज

१६ सप्टेंबर, सोमवार

मेहुण्याचा, नेस्तोरचा, फोन आला. त्याला दक्षिणेत, नेउकेनच्या तेलविहिरींवर नोकरी लागली. यंदा मातृदिनाला, ऑक्टोबरात, तो इकडे गावी ला बांदाला येणार नाही. बायको रडली, मेहुणी रडली. मीही प्रसंगोचित चेहरा केला. मात्र आत काय चाललं होतं ते इथे लिहायला हरकत नाही, ही वही माझ्याखेरीज कुणी वाचत नाही. आत एवढंच चाललं होतं: खुर्ची रिकामी झाली.

सासूबाईंच्या अंगणात अल्गारोबोच्या झाडाखाली एक वेताची खुर्ची आहे. मातृदिनाला जेवणं आटोपली, दुपारची झोप झाली, की त्या खुर्चीत गिटारवाला बसतो आणि मंडळी चाकारेरा नाचतात. आधी तिथे सासरे बसत. ते गेल्यावर नेस्तोर. लग्न झाल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, मी टाळ्या वाजवतो. वाईट वाजवतो असं कुणी म्हणालेलं नाही. चांगल्या वाजवतो असंही नाही. विषय निघालेलाच नाही.

निश्चय: २० ऑक्टोबरला त्या खुर्चीत मी.

माझ्याकडे तांबडी इलेक्ट्रिक गिटार आहे. एकोणिसाव्या वर्षी घेतलेली. आमच्या बँडचे दोन जाहीर कार्यक्रम झाले होते, दुसऱ्याला प्रेक्षकही होते. जुना ॲम्प्लिफायर पुढे धूर सोडून निवर्तला. तेव्हापासून माझी कला अव्यक्त आहे. पाच आठवडे हातात आहेत. विपुल.

१८ सप्टेंबर, बुधवार

एलियास अबदालाच्या दुकानात गेलो. त्याने विचारलं, काय वाजवणार. म्हटलं, चाकारेरा. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाला, भाऊ, त्याला साधी पोकळ पोटाची गिटार असते ना, भिंतीवर टांगलीये ती बघा. मी त्याला जग कुठे चाललं आहे ते थोडक्यात सांगितलं. तो आत जाऊन एक खोका घेऊन आला.

मॉडेलिंग ॲम्प. आकार मोठ्या पावाच्या डब्याएवढा, वीस वॉट, किंमत माझ्यासारख्या वार्ताहराला झेपेल अशी. बाहेरून एक पेटी, आत साठ पेट्यांच्या नकला. बटण फिरवलं की ती कधी जुनी लंडनची पेटी होते, कधी न्यू यॉर्कची, कधी एखाद्या गुहेत ठेवलेली. एकाच देहात साठ आत्मे. आमच्या वडीलधाऱ्या पाद्र्यांना हे पटलं नसतं.

खोक्यावर लिहिलं आहे, घरगुती वापरासाठी. एलियास म्हणाला, महिनाभर वाजवून बघा, नाही जमलं तर अठरा तारखेच्या आत परत आणून द्या, खोका मात्र फाडू नका. मी म्हटलं, परत आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात, आणि मागच्या फळीकडे हात केला. तिथे तशाच अकरा पेट्या ओळीने होत्या.

घरी बायकोने, ग्रासिएलाने, विचारलं, अहो, ह्यात पाव एका वेळी दोन भाजतात की चार.

१९ सप्टेंबर, गुरुवार, दुपारी ४

माहितीपुस्तक वाचलं. अकरा भाषांत आहे, आपल्या वाट्याला चार पानं. पहिला प्रयोग तीन वाजता केला. आवाज एकवर. दहापैकी एक, म्हणजे नम्रतेची परिसीमा.

तीन वाजून सहा मिनिटांनी शेजारची चेलाबाई दारात. अंगात झोपायचा झगा, केसांना चिमटे. एक ते पाच ह्या वेळात तिला गेल्या चाळीस वर्षांत कुणी उभं पाहिलेलं नाही. मी आज पाहिलं. ती ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, माझा नवरा वारला ना, तोसुद्धा पाच वाजेपर्यंत थांबला होता.

दिलगिरी व्यक्त केली. खोक्यावर घरगुती म्हटलं आहे, पण कुणाच्या घरातलं ते म्हटलेलं नाही, ही त्रुटी आहे.

निश्चय: यापुढे हेडफोन. तसंही साधना एकांतातली असावी.

२२ सप्टेंबर, रविवार

साठही आवाज ऐकले. त्यांचं वर्गीकरण केलं. सात नंबर: पत्र्यावर पडणाऱ्या गारा. एकोणीस: नगरपालिकेचा नदीवरचा पाण्याचा पंप. ह्या पंपाविषयी मी गेली नऊ वर्षं बातम्या देतो आहे, त्यामुळे ओळखायला चूक होणार नाही. एकतीस: मधमाश्या, पण दुःखी.

त्रेचाळीस.

त्रेचाळीसबद्दल घाईने लिहिणार नाही. एक तार छेडली. सूर उमटला, गेला. मग परत आला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला, दर वेळी थोडा लांबून, जणू दुल्से नदीच्या पलीकडच्या काठावर कुणीतरी बसून माझं म्हणणं मान्य करत आहे. माझे कष्ट एक, फळं चार. वार्ताहर म्हणून तीस वर्षं लिहितो आहे, माझं म्हणणं कुणी एकदाही परत म्हटलेलं नाही.

हाच माझा आवाज.

२६ सप्टेंबर, गुरुवार

वाजवणं: नाही.

कारण: पायाभूत कामं. फोनवर पेटीचं ॲप घ्यावं लागतं. त्याने पासवर्ड मागितला. दिला. त्याने परत मागितला. तो आठवला नाही. नवा केला. मग पेटीने स्वतःला अद्ययावत करायचं ठरवलं आणि चाळीस मिनिटं निळा दिवा लावून बसली. मग खर्जाचं बटण सहावर ठेवायचं की साडेसहावर, ह्यावर विचार. साडेसहा ठरलं.

ग्रासिएला म्हणाली, अहो, दोन तास झाले, एक सूर नाही ऐकला. मी म्हटलं, इमारतीचा पाया दिसत नसतो. ती म्हणाली, दिसत नसतो, पण खणणारा घामाघूम दिसतो.

२९ सप्टेंबर, रविवार

सासूबाईंकडे जेवण. आज मोठी घडामोड झाली, क्रमाने लिहितो.

येर्बाचा, आमच्या कडू चहाचा, पेला फिरत होता. मी सहज म्हणून खुर्चीचा विषय काढला. तर माझा साडू ओस्वाल्दो, जो आयुष्यभर जमीन नोंदणीच्या कचेरीत शिक्के मारत आला आहे, तो म्हणाला, मीही वाजवीन म्हणतो. ओस्वाल्दोकडे पोकळ गिटार आहे. त्याला तीन कॉर्ड येतात. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही, तो स्वतःच सांगतो. वर मलाच म्हणाला, साडूभाऊ, साठ आवाज आणलेत म्हणे, एखादा उसना द्या की गरिबाला. सगळे हसले. मी स्मित केलं.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या ऐंशीच्या आहेत, नाव एलोइसा, मार्चमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पेला खाली ठेवून म्हणाल्या, यंदा मी नाचणार आहे. इलारिओबरोबर. इलारिओ म्हणजे त्यांचा भाऊ, वय चौऱ्याऐंशी, एका कानाने ऐकतो. दोन वर्षं त्या बाकावर बसून पाहत होत्या. डॉक्टरने आता एक चाकारेरा दिला आहे, जास्त नाही.

मग म्हणाल्या, खुर्चीत कोण बसतो ह्याचं मला काही नाही. मला नेऊन परत जागेवर आणून सोडणारा हवा. चाकारेऱ्याचे दोन भाग असतात. पहिला भाग जावईबापू तुम्ही वाजवा, दुसरा ओस्वाल्दो वाजवील. माझे पाय काय ते सांगतील.

एका भागात अठ्ठेचाळीस आवर्तनं. पुढे येणं, मागे जाणं, गिरकी, मोठा फेरा, त्याचं पाय आपटून ताल धरणं, तिचं घागरा डोलवणं, आणि शेवटच्या आवर्तनाला दोघं मधोमध येऊन हात वर करतात, एकमेकांवर मुकुट धरल्यासारखे. तिथे वाजवणारा थांबतो. त्याच ठोक्यावर. आधी नाही, नंतर नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, मी उगाच लिहून ठेवलं.

ओस्वाल्दोची मला कीव येते. तीन कॉर्ड.

३ ऑक्टोबर, गुरुवार

नृत्यासह चाचणी घ्यावी म्हणून ग्रासिएलाला स्वयंपाकघरात उभं केलं. रुमालाच्या जागी ताटं पुसायचा फडका. वेळ दुपारची, म्हणून हेडफोन, म्हणून संगीत फक्त मला ऐकू येत होतं. ती म्हणाली, मग मी कशावर नाचू. मी म्हटलं, तुझ्या रक्तात आहे. ती मनात मोजत नाचली.

तिने हात वर करून मुकुट केला तेव्हा माझ्या हिशेबाने अकरा आवर्तनं शिल्लक होती. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली, मग हात खाली घेऊन घेवडा लागला का ते बघायला गेली. मी उरलेलं पूर्ण केलं.

निष्कर्ष: तिचा सराव सुटला आहे. घाई करते.

तिचं म्हणणं वेगळं. ती म्हणाली, अहो, तुम्ही वाजवता आणि मग थांबून ऐकत बसता. कुणाला ऐकता एवढं. मी म्हटलं, नदीपलीकडच्याला.

७ ऑक्टोबर, सोमवार

पेटीत तालवाद्यंही आहेत असा शोध लागला. म्हणजे ढोल वाजवणारा माणूस नसला तरी चालावं. रॉक आहे, जॅझ आहे, वॉल्ट्झ आहे. चाकारेरा नाही. एका बटणावर लॅटिन असं आहे. ते दाबलं. कुठल्याशा बेटावर पर्यटक हातात छत्री लावलेलं पेय घेऊन उतरत आहेत असं वाजलं. आपण लॅटिन अमेरिकेच्या मध्यभागी राहतो आणि आपल्याला हे ठाऊकच नव्हतं.

कंपनीला सविस्तर पत्र पाठवलं. चाकारेऱ्यात एकाच वेळी तीनचा आणि दोनचा ठेका कसा नांदतो हे उदाहरणांसह समजावलं. अडीच पानं. चार मिनिटांत उत्तर आलं: आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत, आपण लॅटिन हे बटण वापरून पाहिलंत का.

वाजवणं: पत्रामुळे नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

डाव्या हाताच्या बोटांना फोड. विश्रांती. विश्रांती हाही साधनेचा भाग आहे, कारण सूर आत मुरतो.

मेहुणी सांगत होती, ओस्वाल्दो रोज कचेरीतून आला की गॅलरीत बसतो आणि तीच अठ्ठेचाळीस आवर्तनं वीस वेळा वाजवतो. तीच. वीस वेळा. ती म्हणाली, आता कुकरची शिट्टीसुद्धा त्याच्या शेवटच्या ठोक्यावर होते. कल्पनादारिद्र्याचं ह्याहून हृदयद्रावक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज मुलीबरोबर तालीम. रोसीओ एकोणीस वर्षांची आहे आणि बाराव्या वर्षापासून आजीच्या अंगणात बोंबो वाजवते. बोंबो म्हणजे मेंढीच्या कातड्याचा मोठा ढोल. तो जमिनीवर ठेवला की तिच्या पोटापर्यंत यायचा, तेव्हापासून ती चुकलेली नाही. सकाळी अकराची वेळ, त्यामुळे प्रथमच हेडफोन काढून, त्रेचाळीस नंबर खुल्या हवेत.

सातव्या आवर्तनाला ती थांबली. म्हणाली, बाबा, तुमच्या मागून दुसरं कोण वाजवतंय. मी प्रतिध्वनीचं तत्त्व समजावलं. ती म्हणाली, ते कळलं, पण तो माझ्या दोन ठोक्यांच्या मध्ये येऊन पडतोय, मी कुणाचं धरू, तुमचं की त्याचं. मी म्हटलं, दोघांचं. परत सुरू केलं. परत थांबली. काठी ढोलावर ठेवून म्हणाली, बाबा, इतर वेळी काहीही करा. त्या दिवशी आजी आहे. नव्या गुडघ्यावर आहे. तिला एकच सांगा, कुठे थांबायचं.

मुलीच्या काळजीने गहिवरून आलं. प्रतिध्वनी तीनवरून दोनवर आणायचं कबूल केलं. ती म्हणाली शून्यावर. अडीचवर तडजोड झाली, असं मी समजतो. ती खोलीतून गेली होती.

मग एकटाच बसलो. कुठे थांबायचं हे मला उत्तम ठाऊक आहे. प्रश्न इतकाच की त्रेचाळीस नंबर थांबवावासा वाटत नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

एलियासचा फोन. म्हणाला, शुक्रवारी मुदत संपते भाऊ, फळीवर बारावी जागा रिकामी करून ठेवलीये. मी सांगितलं, ती दुसऱ्या कुणाला द्या. खोका फाडला, सपाट केला आणि मोटरसायकलखाली जिथे तेल ठिबकतं तिथे अंथरला. आता माघार नाही.

ग्रासिएलाने वरून पाहिलं. म्हणाली, निदान तेलाचं तरी काम झालं.

कधी कधी मला वाटतं, हिला माझ्या संगीतात मुळात रस नसावा. मग आठवतं की माझ्याशी लग्न ठरण्याआधी आमच्या बँडच्या दुसऱ्या कार्यक्रमातल्या प्रेक्षकांत ती होती. ती आणि तिची बहीण. बहिणीला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मध्येच उठल्या, तरीपण.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पूर्वतयारी पूर्ण. नव्या तारा. एक जादा वायर. सदरा इस्त्रीचा.

एक गोष्ट कुणालाही सांगितलेली नाही, इथे नोंदवतो. शेवटच्या आवर्तनाच्या आधी मी चार आवर्तनं माझ्या पदरची घालणार आहे. त्रेचाळीस नंबरवर, पूर्ण प्रतिध्वनीसह. सासूबाईंना नजराणा. बावीस वर्षं ह्या घरात मी काही दिलं का, असा प्रश्न कुणी विचारलेला नाही, पण विचारला तर उत्तर असावं.

चार आवर्तनांनी काय बिघडतं. साठाव्या वर्षानंतर माणसं थांबायला शिकलेली असतात.

नजराण्याचा सराव: मनातल्या मनात एकदा. उत्कृष्ट.

२० ऑक्टोबर, रविवार, सकाळी ८

मातृदिन. आकाश निरभ्र. मन प्रसन्न. ओस्वाल्दोशी उदारपणे वागायचं ठरवलं आहे. हरलेल्या माणसाला टाळ्यांची जागा कशी सवयीची करून घ्यायची हे मीच सांगू शकेन.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.३०

घटनाक्रम लिहितो. पत्रकाराची शिस्त सोडायची नाही.

पाच वाजता सगळे झोपून उठले. करंज्यांसारख्या एम्पानादांचा दुसरा घाणा निघाला. सासूबाई निळ्या पोशाखात बाहेर आल्या, केस वर बांधलेले, काठी दाराशीच सोडली. इलारिओमामा काळ्या कोटात, हातात पांढरा रुमाल. मी खुर्चीत बसलो. वेत करकरला. बसायला ती खुर्ची दिसते त्यापेक्षा खोल आहे. पेटीसाठी स्वयंपाकघरातून वायर ओढावी लागली, त्यासाठी फ्रिज बंद केला. मेहुणीने त्यातल्या आइस्क्रीमचा उल्लेख केला. दुर्लक्ष केलं.

रोसीओने ढोलावर काठी टेकवली आणि नाच सुरू करायची आरोळी दिली, चला, आत.

पहिली चार आवर्तनं निर्दोष. पाचव्याला माझ्या लक्षात आलं की आवाज फार सरळ येतो आहे. पाहतो तर प्रतिध्वनीचं बटण शून्यावर. रोसीओ माझ्याकडे बघत नव्हती. मी मोठ्या फेऱ्याच्या वेळी पायाने, हळूच, ते पूर्ववत केलं.

तरीही सांगतो, तोवर सगळं जमलं होतं. सासूबाई नाचत होत्या. गुडघा जपून, पण नाचत होत्या. घागऱ्याची कड दोन बोटांत धरून त्या इलारिओमामाभोवती गेल्या. मामाला अर्धं ऐकू येतं, तो बहिणीच्या पायांकडे बघून नाचतो. सासूबाई कुठे बघत होत्या ते मला तेव्हा उमगलं नाही. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

शेवटची गिरकी. दोघं मधोमध आले. हात वर गेले. मुकुट झाला.

इथे मी नजराणा दिला.

चार आवर्तनं. हात वरच. आता, चाकारेऱ्यात शेवटचा ठोका पडेपर्यंत हात खाली घ्यायचे नसतात, हे मी पाळण्यात शिकलो आहे. पण त्या क्षणी ते दोन वृद्ध, निळ्यात आणि काळ्यात, त्रेचाळीस नंबरखाली आकाशाकडे हात उचलून निश्चल उभे, हे दृश्य मी समोरून पाहत होतो. मला ती भावसमाधी वाटली. दुसरं काय वाटणार. मी आणखी चार दिली.

रोसीओने ढोल थांबवला. मी तो मूक सन्मान समजलो. आणखी चार.

मामाचा रुमाल थरथरू लागला. सासूबाईंनी अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला, ऑपरेशनच्या नसलेल्या. मग मान वळवून, मीठ द्या म्हणावं तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या, जावईबापू, आम्ही पोचलोय.

मी थांबलो.

पेटी थांबली नाही. पेटीने शेवटचा सूर आणखी तीनदा म्हटला. सासूबाईंनी त्या तिन्ही वेळा हात वर ठेवले. त्यांच्या आईने शिकवलेलं असणार.

मग दुसरा भाग. ग्रासिएलाने आईच्या कोपराला हात लावून विचारलं, बसतेस का. त्या म्हणाल्या, अर्ध्यात कुणी बसतं का. मी अजून खुर्चीतच होतो, त्यामुळे ओस्वाल्दो स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आला. मागच्या लोकांना त्याची गिटार ऐकू गेली नाही, ही वस्तुस्थिती आहे. तीन कॉर्ड. अठ्ठेचाळीस आवर्तनं. अठ्ठेचाळिसाव्याला हात वर गेले, ठोका पडला, हात खाली आले. इतकंच. ह्यात कला कुठे होती ते मी शोधत होतो, तेवढ्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप उठले.

सासूबाई कुणाचाही आधार न घेता बाकापर्यंत चालत गेल्या. बसल्यावर डोळे पुसले. मग ओस्वाल्दोच्या खांद्यावर हात ठेवून खुर्चीकडे हनुवटी केली. मी आधीच उठलो होतो. पाठ अवघडली होती.

आइस्क्रीम वाटीतून प्यायलो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

काल लिहिलं नाही. पेटी कपाटावर ठेवली. रात्रीच्या जेवणाला मीच ग्रासिएलाला विचारलं, लोक काय म्हणतात. ती म्हणाली, लोक काही म्हणत नाहीत, मामा म्हणतो, चर्चमध्ये सुद्धा मला एवढा वेळ हात जोडून ठेवावे लागले नव्हते.

आज सकाळी सासूबाईंचा फोन आला. स्वतःहून, मला. बावीस वर्षांत हा दुसरा. पहिल्या वेळी नंबर चुकला होता.

म्हणाल्या, दंड दुखतायत, गुडघा नाही. डॉक्टरने विचारलं तर काय सांगू. मी क्षमा मागायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, राहू दे, ऐक (तुम्हीचं आज तू झालं). खुर्चीत ओस्वाल्दो बसेल. त्याला काय येतं ते त्याला माहीत आहे आणि कुठे संपतं तेही माहीत आहे. मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, पण त्याचं मागे काही ऐकू जात नाही. इलारिओला तर मुळीच नाही, तो अंदाजाने नाचला. आता डॉक्टर म्हणतो नाताळच्या दुपारी आणखी एक नाचा. तेव्हा तुझी ती पेटी ओस्वाल्दोच्या गिटारीला लावायची. लावता येते ना. मी म्हटलं, एलियास गिटारीत यंत्र बसवून देईल, मी स्वतः घेऊन जातो. त्या म्हणाल्या, बरं. साठातला सगळ्यात गरीब आवाज लाव. लाव आणि हात काढून घे.

मी विचारलं, पेटीशी बसणार कोण. त्या म्हणाल्या, तूच की. तुझी पेटी आहे. तिच्या अंगात आलं तर बंद कोण करणार.

दुपारी ओस्वाल्दोकडे गिटार आणायला गेलो. त्याने दिली. म्हणाला, साडूभाऊ, मागितला होता मी एक आवाज, तुम्ही पेटीच आणलीत. हसला. त्याने कडू येर्बा दिला, मी प्यायलो. वाईट माणूस नाही. परत निघताना म्हणाला, तुमचं ते शेवटचं, लांबून लांबून जाणारं, ते मला आवडलं होतं, फक्त म्हातारीचे हात खाली यायला हवे होते. मी म्हटलं, त्यावर काम चालू आहे.

मग सासूबाईंच्या अंगणात गेलो. पेटीची जागा ठरवायची होती. टेप लावून मोजलं. गिटारीपासून पेटीपर्यंतची वायर तीन मीटरची आहे, म्हणजे मला खुर्चीपासून तीन मीटरच्या आत बसावं लागेल, त्यापुढे ती पोचतच नाही. माझी टाळ्यांची जागा पाव भाजायच्या भट्टीपलीकडे आहे, खुर्चीपासून तीही मोजली. नऊ मीटर.

पाच आठवड्यांत सहा मीटर.